कर्ज फिटल्यानंतरचा पहिला मार्च

जालना-जिंतूर रस्त्याला सेलूकडून येणारा रस्ता जिथे मिळतो, तो देवगाव फाटा. सेलू तालुक्यातल्या या पट्ट्यात शेतकऱ्याचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, मालावर चालतं. दसरा-दिवाळीला सोयाबीन, मग वेचणीगणिक कापूस, होळीच्या आगेमागे हरभरा. पैसे येतात त्याच क्रमानं त्यांच्या वाटाही ठरलेल्या असतात: आधी कृषी केंद्राची उधारी, मग हातउसने, आणि 31 मार्चच्या आत सोसायटी किंवा बँक. घरातल्या सगळ्यांना पाठ असलेली ही एकच तारीख.

मग एखाद्या वर्षी सगळं फिटतं. दोन पिकं चांगली साधतात, किंवा पोरगा पुण्याहून पैसे पाठवतो. कर्ज कसं फेडावं यावर सल्ला देणारे पायलीचे पन्नास मिळतात. फिटल्यावर काय करावं, हे मात्र कुणी सांगत नाही. तिथे गैरसमजच जास्त आहेत.

गैरसमज : कर्ज फिटलं की त्याच दिवशी मन मोकळं होतं

हे अर्धंच खरं आहे. पैशाच्या ओढाताणीत डोकं नीट चालत नाही, हे संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांचा एक अभ्यास 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याच शेतकऱ्यांना ऊस जाण्याआधी आणि पैसे हाती आल्यावर बुद्धीच्या सारख्याच चाचण्या दिल्या. पैसे आल्यानंतर त्यांची कामगिरी सरस निघाली. माणूस तोच, शिक्षण तेवढंच, फरक फक्त खिशाचा. सिंगापूरमधल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका पाहणीत दिसलं, की फिटलेल्या रकमेइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व किती वेगवेगळी देणी कायमची बंद झाली याला असतं. सोसायटी, बचत गटाचं कर्ज, कृषी केंद्र, पाहुण्याचे उसने अशी चार तोंडं असतील, तर त्यातलं लहान एक तोंड पुरतं बंद करण्यानेही डोक्याला उसंत मिळते.

पण ओझं उतरणं वेगळं आणि पुढे काय करायचं हे उमगणं वेगळं. 2006 साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीच्या दुकानातली 'दहा शिक्के भरा, एक कप फुकट' अशी कार्डं अभ्यासली. शेवटचे शिक्के जवळ आले, की गिऱ्हाईक लवकर लवकर येई. कार्ड भरलं, फुकटचा कप पिऊन झाला, की नव्या कार्डाच्या सुरुवातीला तेच गिऱ्हाईक पुन्हा सुस्तावे. कर्जाच्या शेवटच्या वर्षात माणूस जिद्दीनं राबतो आणि फिटल्यावर महिना-दोन महिने त्याला काही सुचत नाही, हे त्याच जातीचं आहे. घरचे म्हणतात, ‘आता तर सुखानं बसा, तोंड का पाडलंय?’ त्यात कृतघ्नपणा नाही आणि आजारही नाही. मात्र आठवड्यांमागून आठवडे झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर थांबू नये. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गैरसमज : हप्त्याएवढे पैसे आता मोकळे झाले

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. समजा, वर्षाला साठ हजार कर्जात जात होते. ते कुठून येत होते? आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून, गळक्या पत्र्यांतून, दोनदा जळालेल्या मोटारीच्या दुरुस्तीतून आणि पोरीच्या राहून गेलेल्या कोर्समधून. म्हणजे ते पैसे मोकळे नव्हतेच, दुसऱ्या गरजांकडून ओढून आणलेले होते. त्या गरजा आता रांगेत उभ्या आहेत. म्हणून पहिल्या वर्षी नवं स्वप्न पाहण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून, काय काय पुढे ढकललं होतं त्याची यादी करावी. बाईमाणसांनी ढकललेलं सहसा यादीत येत नाही, तेवढं विचारून घ्यावं. त्यांच्या नावावरचं गटाचं कर्जही कर्जच असतं. घरधन्याचं फिटलं म्हणजे घराचं फिटलं, असं होत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि माझ्या मते सगळं इथेच ठरतं. कर्जानं या घराला एक शिस्त लावलेली असते: ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम, चुकलं तर धाक. कर्ज जातं तेव्हा धाक जातो, हे बरंच. पण त्याच्यासोबत तारीखही जाते. मग पैसे लग्नाच्या मांडवात, मोटारसायकलीत, भावकीच्या ईर्ष्येत कधी जिरले ते कळत नाही आणि तिसऱ्या वर्षी माणूस पुन्हा सोसायटीच्या दारात दिसतो. उपाय साधा आहे. तारीख तीच ठेवा, रक्कम निम्मी का होईना ठेवा, फक्त घेणारा बदला. घेणारे आता तुम्हीच.

यावर शहरी सल्ला असा, की दर महिन्याला बाजूला टाका. देवगाव फाट्यावर हॉटेल, पंक्चरचं दुकान किंवा दुधाचा रतीब असेल तर तो बरोबर आहे. पोस्टाची आवर्ती ठेव महिना 100 रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षं चालते. पण सोयाबीन-कापसावर जगणाऱ्याच्या हातात जुलै-ऑगस्टमध्ये काय असतं? आवर्ती ठेवीचे चार हप्ते चुकले, की खातं खंडित होतं आणि माणूस म्हणतो, बचत आपल्या नशिबात नाही. नशिबाचा काही संबंध नाही, महिना चुकीचा धरलेला असतो. शेतकऱ्यानं आडतीवरची पट्टी हातात पडेल त्याच दिवशी, घरी यायच्या आत, ठरलेला वाटा मुदत ठेवीत टाकावा. वर्षाला असे दोन-तीन दिवस पुरे.

त्या पैशाचं पहिलं ध्येय काय असावं? जमीन नाही, ट्रॅक्टर नाही. पुढच्या खरिपाचं बी-खत रोखीनं. उधारीवर बी-खत घेतलं, की भाव दुकानदार ठरवतो, आणि तोच आडत्याही असेल तर माल त्याच्याच दारात घालावा लागतो. एक खरीप रोखीनं निघालं, की ही साखळी तुटते. शिवाय यातलं निम्मं काम पैशाविनाही होतं. सोयाबीनच्या सरळ वाणांचं घरचं बियाणं दोन-तीन हंगाम वापरता येतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-71, एमएयूएस-158, एमएयूएस-162, एमएयूएस-612 हे असेच सरळ वाण. मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते पाहायचं. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं चांगलं. माती परीक्षणाचा नमुनाही याच रिकाम्या दिवसांत काढता येतो. पूर्वी हे दिवस उसनवारीसाठी पाहुण्यांच्या दारोदार फिरण्यात जायचे, त्यांना आता काम मिळतं.

कर्जापायी जे जादा काम धरलं होतं – रात्रीची गाडी, दुसऱ्याच्या शेतातली मजुरी, ऊसतोडीच्या कोयत्याची उचल – ते एकदम सोडावं का? कोयत्याची उचल फिटली असेल तर पुढच्या साली नवी उचल घेऊ नये, हे पहिलं ध्येय मानावं, इतकं ते मोठं आहे. बाकीची कामं निम्म्यावर आणावीत आणि सुटलेल्या वेळाला काहीतरी नाव द्यावं: पोराचा अभ्यास, भजनी मंडळ, तालीम, शेळ्या. नाव न दिलेला वेळ फाट्यावर पत्त्यांत जातो, हे मी सांगायला नको.

गैरसमज : मार्चमध्ये भरलं म्हणजे फिटलं

हातउसने घेऊन 31 मार्चला भरणा करायचा आणि एप्रिलात तेवढंच किंवा थोडं वाढवून उचलायचं, याला आपण नवं-जुनं म्हणतो. यात कर्ज फिटत नाही, त्याचा फक्त वाढदिवस होतो. घरच्या मालाच्या पैशातून भरलं तरच ते फिटलं.

गैरसमज : आता बँकेचं तोंडही पाहायचं नाही

ही शपथ ऐकायला छान, वागायला धोक्याची. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचं थकीत कर्ज पूर्ण माफ झालं होतं. त्या माफीचा गुजरातमधल्या खेड्यांवर काय परिणाम झाला, हे अर्थतज्ज्ञ मार्टिन कांझ यांनी तपासलं. माफी मिळालेली कुटुंबं नंतर बँकेपासून लांब गेली आणि खासगी उसनवारीकडे जास्त वळली; शेतीतली गुंतवणूकही वाढली नाही. कर्ज गेलं, पण अडचण आल्यावर पैसे कुठून आणायचे याची नवी सोय झाली नव्हती.

हिशेब पाहा. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज जवळपास शून्यावर येतं. गावात मात्र शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला 36 टक्के. कायद्यानं परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, ही गोष्ट निराळी. तेव्हा किसान क्रेडिट कार्ड चालू ठेवावं, गरजेपुरतं वापरावं, मुदतीत भरावं.

गैरसमज : शिल्लक पडलेला पैसा जिथे व्याज जास्त तिथे

बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटमध्ये 2023 पासून मराठवाड्यातल्या लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, माणशी 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे; पतसंस्था आणि मल्टीस्टेट सोसायटीच्या ठेवीला ते नाही. दोन-तीन टक्के जास्त व्याज का देतात, याचं उत्तर एवढ्यात आलं.

गैरसमज : पैसे भरले की बोजा आपोआप उतरतो

उतरत नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा फेरफार मंजूर झाल्यावरच कमी होतो. त्यासाठी बँकेकडून बेबाकी दाखला घ्या आणि तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. कित्येकांच्या उताऱ्यावर आजोबांच्या काळातली तगाई आणि बंडिंगचा बोजा अजून बसलेला आहे. 2025 च्या जिवंत सातबारा मोहिमेत अशा कालबाह्य नोंदी काढण्याचं काम शासनाला हाती घ्यावं लागलं, ते उगाच नाही.

घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जात तारण ठेवलेली कागदपत्रं पूर्ण भरण्यानंतर 30 दिवसांत परत द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून लागू आहे. बँकेच्या दोषानं उशीर झाला, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. ट्रॅक्टरच्या आरसी बुकावरचा बोजा वेगळा असतो. त्याला फॉर्म 35 आणि बँकेचं ना हरकत पत्र घेऊन परभणीच्या आरटीओत जावं लागतं. एकरकमी तडजोड केली असेल, तर सिबिलच्या अहवालात कर्ज ‘बंद’ न दिसता 'तडजोड' असं दिसतं आणि पुढचं कर्ज मागताना ते आडवं येतं. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. दुसऱ्याला जामीन राहिला असाल तर तेही त्यातच कळेल.

सावकारानं कर्जापोटी खरेदीखत करून घेतलं असेल, तर पैसे परत दिल्यानं जमीन परत नावावर येत नाही. परतीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. सावकार टाळत असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. कोरे धनादेश आणि सही केलेले बाँड त्याच दिवशी मागून घ्यावेत, ‘शोधून देतो’ या शब्दावर सोडू नयेत.

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. कर्ज फिटलं असेल तर तो याच आठवड्यात काढा आणि 'इतर हक्क' रकाना स्वतः वाचा.