फळांवरील उन्हाचे चट्टे

फळांवरील उन्हाचे चट्टे (सनबर्न) म्हणजे तीव्र ऊन व अतिउष्णता यांमुळे वाढत्या फळाच्या सालीला आणि सालीखालील गराला होणारी इजा होय. ही इजा बुरशी, जीवाणू, विषाणू किंवा कीड यांमुळे होत नाही. म्हणून तिची गणना रोगांत न करता शरीरक्रियात्मक विकृतींत केली जाते. ती एका फळावरून दुसऱ्या फळावर पसरत नाही, आणि एकदा पडलेला चट्टा कोणत्याही औषधाने भरून येत नाही. सफरचंद, डाळिंब, मोसंबी, संत्रे, आंबा, द्राक्ष, अननस, कलिंगड, टोमॅटो इत्यादी अनेक फळांत ती आढळते. तिचा सर्वाधिक अभ्यास सफरचंदावर झाला आहे. मराठवाड्यात मात्र, विशेषतः छत्रपती संभाजीनगर व जालना या जिल्ह्यांत, तिचा फटका मुख्यतः डाळिंब व मोसंबी या पिकांना बसतो.

नाव व नावामुळे होणारा घोटाळा

शेतकऱ्यांच्या बोलीत या विकृतीला ‘फळ भाजले’, ‘चट्टा पडला’, ‘उन्हाने करपले’ असे म्हणतात. ‘सनबर्न’ हा इंग्रजी शब्दही आता रूढ झाला आहे. यांपैकी ‘करपणे’ हा शब्द घोटाळ्यास कारणीभूत होतो. कारण ‘करपा’ हे मराठीत बुरशी व जीवाणू यांमुळे होणाऱ्या अनेक रोगांचे नाव आहे. उन्हाने करपलेले फळ ‘करप्याचे’ समजून बुरशीनाशकाची फवारणी केल्यास खर्च वाया जातो आणि फळ उघड्यावरच राहते. त्यामुळे विकृती व रोग यांतील भेद ओळखणे हा येथे केवळ शब्दाचा प्रश्न राहत नाही.

कारणे

पान आपल्या पर्णरंध्रांतून सतत बाष्प सोडते व त्यामुळे थंड राहते. फळाच्या सालीवर अशी रंध्रे फार थोडी असतात. शिवाय फळाचा आकार भरीव असल्याने शोषलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. परिणामी, थेट उन्हातील फळाच्या पृष्ठभागाचे तापमान सभोवतालच्या हवेपेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने अधिक असू शकते. हवा स्थिर असल्यास हा फरक वाढतो, वारा वाहत असल्यास कमी होतो.

अतिउष्णतेमुळे सालीतील पेशींची पटले व प्रथिने बिघडतात, हरितद्रव्य नष्ट होते आणि फेनॉलवर्गीय द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी रंग येतो. डाळिंबाच्या सालीत टॅनिनचे प्रमाण मोठे असल्याने तिच्यावरील चट्टा पुढे काळपट होतो.

प्रकार

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात लॅरी श्रेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सफरचंदावर केलेल्या संशोधनातून या इजेचे तीन प्रकार मानले जातात.

पहिल्या प्रकारात सालीचे तापमान सुमारे ५२ अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे राहिले तरी पेशी मरतात आणि काळा, खोलगट डाग पडतो. यासाठी प्रकाश असण्याची आवश्यकता नसते. केवळ उष्णता पुरेशी ठरते.

दुसऱ्या प्रकारात वाणानुसार ४६ ते ४९ अंश तापमान व सूर्यप्रकाश या दोहोंच्या एकत्रित परिणामाने पिवळसर-तपकिरी चट्टा पडतो. पेशी मरत नाहीत, पण रंगद्रव्ये बिघडतात. बागेत हाच प्रकार सर्वाधिक दिसतो.

तिसऱ्या प्रकारात सावलीत वाढलेले फळ एकाएकी उन्हात आले असता, तापमान त्याहून कमी असूनही, साल प्रथम पांढुरकी व नंतर तपकिरी होते. लहानपणापासून उन्हात वाढलेल्या फळाची साल काही प्रमाणात उन्हाला सरावलेली असते. सावलीतल्या फळाला हा सराव नसतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात केलेली छाटणी किंवा फळांच्या ओझ्याने वाकलेली फांदी अपायकारक ठरते.

हे आकडे सफरचंदाचे आहेत. डाळिंब किंवा मोसंबी यांच्या सालीला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. तत्त्व मात्र तेच आहे.

मराठवाड्यातील स्थिती

छत्रपती संभाजीनगर हे शहर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर असतो. या काळात हवेचे तापमान अनेक दिवस ४० अंशांच्या वर जाते. म्हणजे उघड्या फळाची साल ५० अंशांपलीकडे जाऊ शकते. सकाळच्या व दुपारनंतरच्या उन्हाची तीव्रता सारखी असली, तरी दुपारपर्यंत हवा तापलेली असते. म्हणून चट्टे पूर्वेपेक्षा पश्चिमेच्या बाजूस अधिक पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य दक्षिणेकडे असल्याने नैर्ऋत्य बाजूची फळे भाजतात. मे महिन्यात फळाचा माथा व पश्चिमेची बाजू.

पाण्याची टंचाई हे या भागातील दुसरे कारण होय. ताण पडलेले झाड आपली पर्णरंध्रे मिटून घेते, पाने मुरडतात किंवा गळतात, आणि फळावरची सावली नेमकी गरजेच्या वेळी नाहीशी होते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना व तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. बाग वाळण्याइतका दुष्काळ नसतानाही पाण्याची तूट प्रथम अशा भाजलेल्या फळांतून प्रकट होते.

बहाराची निवड

महाराष्ट्रात डाळिंबाचे तीन बहार धरले जातात. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळे एप्रिल-मेच्या उन्हात वाढतात. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात. त्याची फळे पावसाळ्यात वाढत असल्याने उन्हापासून बरीच सुरक्षित असतात. हस्त बहाराची फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पक्व होतात.

उन्हाच्या दृष्टीने मृग बहार उत्तम. परंतु पावसाळी दमट हवेत तेल्या हा जीवाणूजन्य रोग बळावतो. तेल्या टाळण्यासाठी हस्त बहार धरावा, तर फळे पक्व होताना मार्चचे ऊन गाठते आणि विहिरीतील पाणी घटू लागलेले असते. रोग टाळावा तर ऊन, ऊन टाळावे तर रोग, असा हा पेच असून बहार धरण्याच्या निर्णयातच पुढील चट्ट्यांचे प्रमाण बरेचसे ठरून जाते. मोसंबीच्या बाबतीत मृग बहाराची फळे मार्च-एप्रिलमध्ये काढणीस येतात, म्हणून तीही कडक उन्हात सापडतात. आंबे बहाराच्या मोसंबीला पावसाळा संपल्यानंतरचा ऑक्टोबरचा उन्हाळा बाधतो.

लक्षणे

डाळिंबात सूर्याकडील बाजूस एकच मोठा, कडेला फिकट होत जाणारा पिवळसर-तपकिरी चट्टा दिसतो. पुढे तो काळपट, कठीण व खडबडीत होतो. तेथील साल ताणली जात नसल्याने फळ वाढताना तडकू शकते. चट्ट्याखालील दाणे फिकट किंवा पांढुरके राहतात. ‘भगवा’ या महाराष्ट्रातील प्रमुख वाणाची किंमत त्याच्या साल व दाण्यांच्या गडद रंगात असल्यामुळे ही हानी विशेष मोठी ठरते.

मोसंबीत उन्हाकडील बाजू अकाली पिवळी पडते, साल जाड व कडक होते, त्याखालील फोडी कोरड्या पडतात आणि फळ एका अंगाने चपटे दिसते. अशी फळे बऱ्याचदा गळतात.

तेल्या रोगात ठिपके लहान, तेलकट व पाणीदार असतात. ते सावलीतील फळांवर, पानांवर व फांद्यांवरही आढळतात आणि फळाला इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ अक्षरासारखे तडे जातात. चट्टा फक्त उन्हाच्या बाजूला आणि पाने निरोगी असतील, तर ते उन्हाचेच काम समजावे. मात्र तडकलेल्या सालीतून नंतर बुरशीचा शिरकाव होऊ शकतो. त्यामुळे निदान सुरुवातीलाच करणे श्रेयस्कर असते.

प्रतिबंधक उपाय

पाने व पाणी हे पहिले संरक्षण होय. छाटणी करताना पश्चिम व नैर्ऋत्य बाजूच्या फांद्या राखाव्या लागतात. डाळिंबाची फळे बारीक फांद्यांच्या टोकाला येत असल्याने विरळणी करताना बाहेरच्या टोकाची फळे आधी काढतात व वाकणाऱ्या फांद्यांना आधार देतात. ठिबक सिंचनाने नियमित पाणी व उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट यांचे आच्छादन यांमुळे मुळांशी ओल टिकते. पश्चिमेच्या बांधावर शेवरी, शेवगा यांसारखी झाडे लावल्यास उतरत्या उन्हाला आडोसा मिळतो.

केओलिन ही पांढरी चिकणमाती पाण्यात मिसळून फवारल्यास फळावर पातळ थर बसतो व ऊन परावर्तित होते. या तंत्राचा विकास १९९० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या कियर्नीसव्हिल (वेस्ट व्हर्जिनिया) येथील फळ संशोधन केंद्रात झाला. डाळिंबासाठी पहिली फवारणी ५ टक्के व पुढील फवारण्या २.५ टक्के तीव्रतेच्या अशी शिफारस आढळते. फळ वाढते तसा थर विरळ होत असल्याने फवारणी पुन्हा करावी लागते. ती चट्टा पडण्यापूर्वीच उपयोगी पडते.

शेडनेट, झाडांवर टाकायचे क्रॉप कव्हर व फळांना घालायच्या कागदी पिशव्या हे अन्य उपाय होत. महाराष्ट्रात अनेक डाळिंब उत्पादक जुन्या साड्या जोडून त्यांनी झाडांच्या ओळी झाकतात. हा स्वस्त उपाय चांगलाच रूढ झाला आहे. सावली फार दाट झाल्यास फळाला रंग चढत नाही, आणि पावसाळी हवेत आच्छादन तसेच राहिल्यास दमटपणा वाढून रोगास वाव मिळतो.

आर्थिक परिणाम व विमा

चट्ट्याचे फळ बहुधा खाण्यायोग्य असते. परंतु प्रतवारीत ते ‘डागी’ ठरते, निर्यातीतून बाद होते व कमी भावाने विकले जाते किंवा रसासाठी जाते. खते, मजुरी, पाणी यांचा खर्च मात्र निर्दोष फळाइतकाच झालेला असतो.

हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई प्रत्यक्ष फळांच्या पाहणीवरून न ठरता संदर्भ हवामान केंद्रावरील नोंदींवरून ठरते. ते केंद्र हवेचे तापमान मोजते. इजा मात्र सालीच्या तापमानाने होते. वारा पडलेला असेल, जमीन कोरडी व उघडी असेल, तर केंद्रावरील आकडा मर्यादेत असतानाही बागेत फळे भाजू शकतात.

महाराष्ट्रात सफरचंद

सफरचंद हे मूलतः थंड प्रदेशातील फळ आहे. थंडीची गरज कमी असलेले ‘ॲना’, ‘डॉर्सेट गोल्डन’ व हिमाचल प्रदेशातील हरिमन शर्मा यांनी विकसित केलेला ‘एचआरएमएन-९९’ हे वाण अलीकडे महाराष्ट्रातही प्रायोगिक स्वरूपात लावले जातात. मैदानी प्रदेशात त्यांची फळे मे-जूनच्या सुमारास तयार होत असल्याने संपूर्ण उन्हाळा त्यांच्या वाढीच्या काळात येतो. त्यामुळे सावलीची व्यवस्था या लागवडीचा आवश्यक भाग ठरते.

हे सुद्धा पहा

डाळिंब
मोसंबी
तेल्या रोग
ठिबक सिंचन