चुन्याचा इलाज चुन्यानेच

रमजान तोंडावर आला की गावोगावच्या मशिदींत रंगरंगोटीची लगबग सुरू होते. पोपडे आलेली भिंत खरवडायची, तिच्यावर सिमेंटचा हात फिरवायचा आणि चकचकीत ऑइल पेंट मारायचा. नव्या बांधकामाला हे चालून जाते. दोन-तीनशे वर्षांपूर्वी चुन्यात बांधलेल्या मशिदीला किंवा दर्ग्याला मात्र ही हौस महागात पडते. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडत असते. रंगाने ती वाट बंद झाली की ओल आतच अडकते, तिच्यातले क्षार साचतात आणि त्यांच्या दाबाने रंगाबरोबर जुना गिलावाही सुटून येतो.

नेक इराद्याने केलेला उपायही कसा अंगाशी येतो, याचा दाखला अजिंठ्यात आहे. निजाम सरकारने 1920 मध्ये तिथल्या चित्रांसाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेली चित्रे त्यांनी भिंतीला धरून ठेवली, हे त्यांचे मोठे काम. पण वर लावलेले लाखेचे वॉर्निश पुढे काळवंडले आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावे लागले.

म्हणून आज जगभरचे जतनतज्ज्ञ आधी एक प्रश्न विचारतात: मूळ वस्तू कशाची आहे? चुनखडीच्या दगडाला आणि चुन्याच्या गिलाव्याला सर्वांत जवळचा चुनाच. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत अनेकांनी केला असेल. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने विरघळलेल्या चुन्याची पुन्हा चुनखडी होते. हेच झिजलेल्या दगडाच्या आत घडले, तर सुटे झालेले कण एकमेकांना बांधले जातात.

अडचण एकच. एक लिटर पाण्यात जेमतेम 1.7 ग्रॅम चुना विरघळतो. इंग्लंडमधल्या वेल्स कॅथेड्रलच्या मूर्तींवर 1970 च्या दशकापासून निवळीचे सुमारे 40 हात देण्याची पद्धत वापरली गेली. पण अशा निवळीतला चुना वरच्या काही मिलिमीटरांतच राहतो, असे पुढच्या अभ्यासात दिसले.

यातून वाट निघाली ती फ्लॉरेन्समध्ये. 4 नोव्हेंबर 1966 च्या महापुराने त्या शहराची भित्तिचित्रे भिजली आणि तिथल्या विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ एन्झो फेरोनी त्यांच्या जतनाकडे वळले. त्याच परंपरेतल्या पिएरो बाल्योनी आणि सहकाऱ्यांनी चुन्याचे नॅनोकण तयार केले. आज मिळणाऱ्या या नॅनोचुन्याचे कण साधारण 50 ते 250 नॅनोमीटरचे असतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे 80 हजार नॅनोमीटर, यावरून अंदाज यावा. हे कण पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये तरंगत ठेवतात. त्यामुळे लिटरला 5 ते 50 ग्रॅमपर्यंत चुना मावतो आणि तो दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतो. अल्कोहोल उडून जाते, चुना मागे राहतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड व ओलावा मिळून त्याची चुनखडी होते. भिंतीची छिद्रे मात्र बुजत नाहीत.

पण इथे सब्र लागतो. कोरड्या हवेत ही क्रिया रेंगाळते. अल्कोहोल घाईने उडाले तर कण उलटे पृष्ठभागावर येऊन पांढरी साय धरतात. भिंतीत ओल आणि क्षार असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. शिवाय हे औषध प्रत्येक दगडाचे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर आहे, काळा पाषाण आहे आणि त्या पाषाणावर चुन्याचा गिलावा आहे. काळ्या पाषाणात चुनखडी नसते. म्हणून अशा इमारतीत या औषधाचा विचार करायचा तो गिलाव्यासाठी, पाषाणासाठी नव्हे.

संरक्षित इमारतीला हात लावणे हे पुरातत्त्व खात्याचेच काम. पण गावातल्या साध्या जुन्या मशिदीला प्रयोगशाळेची गरज लागेलच असे नाही. गळकी पन्हळ दुरुस्त करावी, पायाशी पाणी साचू देऊ नये, चुन्याच्या भिंतीला चुन्याचीच सफेदी द्यावी. ऑइल पेंटचा डबा उघडण्याआधी कमिटीने एखाद्या जुन्या गवंड्याला भिंत दाखवावी. नॅनोकणांचे शास्त्र जे सांगते, ते त्याच्या हातांना पूर्वीपासून ठाऊक आहे.