कोवळे गळे, प्रौढ गाणी

दूरचित्रवाणीवरील मुलामुलींच्या गायनस्पर्धांविषयी मराठी समाजात दोन ठाम मते आहेत. काहींना त्यांत गुणवत्तेचा सोहळा दिसतो, तर काहींना संस्कृतीचा ऱ्हास. पहिल्या मताची माणसे एखाद्या आलापावर डोळे पुसतात. दुसऱ्या मताची माणसे बारा वर्षांच्या मुलीने शृंगाराची लावणी म्हटली म्हणून कपाळाला आठ्या घालतात. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच घरात, किंबहुना एकाच देहात नांदत असतात. टाळ्याही त्यांच्याच आणि तक्रारही त्यांचीच. म्हणूनच या प्रश्नाचा विचार कौतुक आणि संताप हे दोन्ही क्षणभर बाजूला ठेवून करावयास हवा.

झी मराठी वाहिनीवर २००८ साली सुरू झालेली ‘सा रे ग म प – लिटिल चॅम्प्स’ ही मालिका या साऱ्या चर्चेचा आरंभबिंदू मानावी लागेल. २००९ च्या प्रारंभी तिची अंतिम फेरी झाली तेव्हा आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत ही पाच नावे गावोगाव पोहोचली होती. कार्तिकी विजेती ठरली. पुढे २०२१ साली याच मालिकेच्या नव्या पर्वात ही पाचही मुले मोठी होऊन परीक्षकांच्या जागी बसली. रोहितने २०१९-२० मधील ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात दुसरे स्थान मिळवले. भूकंप, दुष्काळ आणि परीक्षांचे निकाल या तीन कारणांखेरीज ज्या लातूरचे नाव बाहेर क्वचित घेतले जाते, त्या लातूरला एका गळ्याने वेगळी ओळख दिली, ही गोष्ट लहान नाही. या मालिकेने अभंग, नाट्यपदे आणि जुनी भावगीते नव्या पिढीच्या कानावर घातली, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु याच मालिकेने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या अनेक हिंदी-मराठी स्पर्धांनी एक प्रश्न उभा केला, तो आजही अनुत्तरित आहे. विरह, शृंगार, प्रतारणा, मद्य, मरण हे विषय असलेली गाणी दहा ते सोळा वयाच्या मुलांनी का म्हणावीत आणि म्हटली तर कशी म्हणावीत?

पुरवठ्याचा प्रश्न

‘का’ या प्रश्नाचे उत्तर नीतिशास्त्रात शोधण्याआधी पुरवठ्यात शोधावे. मराठीत बालगीतांचे भांडार समृद्ध आहे. पण ते साधारण आठ-नऊ वर्षांच्या वयाशी संपते. त्यापुढचे सगळे कपाट मोठ्या माणसांचे आहे. नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, चित्रपटगीत यांपैकी काहीही उघडले तरी त्यातली भावना प्रौढांची असते. बारा ते सतरा या वयाच्या मुलांसाठी, त्यांच्या मैत्रीसाठी, भीतीसाठी, पहिल्या अनामिक ओढीसाठी आणि घरातल्या भांडणांसाठी लिहिलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. स्पर्धेला तर अवघड गाणे हवे असते, आणि स्वरांचा अवघडपणा प्रौढ गाण्यांतच भरलेला असतो. त्यामुळे मुलगा बडबडगीतावरून एकदम विरहगीतावर उडी घेतो. मधली पायरी समाजाने बांधलेलीच नाही.

आपल्या परंपरेचा दाखला देऊन काही जण म्हणतील की, यात नवे काय आहे? दाखले भक्कम आहेत. परंपरेने मानलेल्या जन्मशकानुसार ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांचे वय पंधराच्या आसपास होते. विरहिणी आणि गौळणी भजनी मंडळांतून लहान मुले आजही गातात. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि त्या वयात शकुंतला रंगवीत होते. पितृछत्र हरपल्यावर लता मंगेशकर यांनी १९४२ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, चित्रपटसृष्टीत कामाला सुरुवात केली. लहान वयात मोठा आशय पेलणारी माणसे महाराष्ट्राला परकी नाहीत.

पण दाखला आणि न्याय यांत अंतर असते. गौळण गाणारा मुलगा टाळकऱ्यांच्या मेळ्यात उभा असतो. तेथे शब्दांतला शृंगार भक्तीच्या चौकटीत बसवलेला असतो आणि ती चौकट सर्वांना ठाऊक असते. गुरूसमोर बसून विरहाची बंदिश घोकणाऱ्या शिष्येचे लक्ष सुरावर असते. शब्द हा तेथे सुराचा टेकू. दूरचित्रवाणीच्या रंगमंचावर मात्र गाण्याबरोबर वेशभूषा येते, प्रकाशयोजना येते, मान वेळावणे आणि डोळा मोडणे येते, आणि कॅमेरा नेमका तेथेच जवळ जातो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत लावणी पाहणाऱ्या श्रोत्याला समोरची कलावंत प्रौढ आहे आणि ही तिची कला आहे, हे ठाऊक असते. तोच हावभाव बारा वर्षांच्या मुलीकडून करून घेऊन त्याला ‘गोड’ म्हणणे, यात कलेचा गौरव नाही आणि बालपणाचाही नाही.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर असे की, मुलांना अर्थ कळतच नाही, मग बिघडते कुठे? खरे तर बिघडते ते इथेच. ज्या भावनेचा अनुभव नाही, तिचा हुबेहूब देखावा केल्याबद्दल मुलाला गुण मिळतात. परीक्षक ‘भाव उत्तम’ म्हणतात, आईवडील आनंदतात आणि मूल शिकते ते एवढेच की, भावना ही समोरच्याला हवी तशी काढून दाखवायची वस्तू आहे. आणि ज्या वयाच्या मुलांना अर्थ थोडाथोडा कळू लागलेला असतो, त्या चौदा-पंधराच्या वयाला हे उत्तर लागूच पडत नाही. त्यांना अर्थ कळतो. फक्त तो कळतो असे सांगण्याची सोय नसते.

गाण्याला मुभा, बोलण्याला बंदी

येथे समाजाच्या दुटप्पीपणाचा विचार अटळ ठरतो. २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून देशभर वादळ उठले आणि महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो आपल्या शाळांत राबवण्यास मनाई केली. मुलांना त्यांच्या शरीराविषयी शास्त्रशुद्ध माहिती शिक्षकांनी देणे हे संस्कृतीवरील आक्रमण ठरले. त्यानंतर जेमतेम वर्षभरात त्याच वयाची मुले रंगमंचावर प्रणयगीते गाऊ लागली आणि तेच घर टाळ्या वाजवू लागले. म्हणजे विषयाला हरकत नव्हती. हरकत होती ती विषय समजावून सांगण्याला.

२०१६ साली ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा याचाच दुसरा प्रत्यय आला. त्याची नायिका रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी वयाची होती. चित्रपटाचा शेवट जातीच्या अहंकारातून झालेल्या हत्येचा आहे. पण शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोहोचली ती त्याची ठेका धरायला लावणारी गाणी. तो शेवट वर्गात चर्चेला आल्याचे कितीसे ऐकिवात आहे? सूर आत घेतला आणि अर्थ दाराबाहेर ठेवला.

मराठवाड्यात तर या दुटप्पीपणाला अधिक कठोर बाजू आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयाच्या महिलांपैकी अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत ते ४० टक्क्यांच्याही वर होते. ऊसतोडीला जोडप्याचा कोयता लागतो, उचल जोडप्याला मिळते, आणि मागे राहिलेल्या वयात आलेल्या मुलीची काळजी घरच्यांना झोपू देत नाही. अशा अर्थकारणातून ही लग्ने होतात. जो समाज सोळाव्या वर्षी मुलीच्या पदरात प्रत्यक्ष संसार टाकतो, त्याने तिच्या तोंडच्या प्रेमगीताने बिचकून जावे, हे विसंगत आहे. प्रौढ विषय दूरचित्रवाणीने मुलांच्या आयुष्यात आणले, असे म्हणणे सोपे आहे. खेड्यातल्या अनेक मुलींच्या आयुष्यात ते वाहिनी पोहोचण्याच्या आधीच आलेले असतात.

दुसरीकडे लातूर आणि नांदेड ही शहरे स्वतः किशोरवयीनांची शहरे बनली आहेत. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक झाला, नांदेडने त्याच वाटेने आपला जम बसवला, आणि आज आसपासच्या जिल्ह्यांतून दहावी झालेली मुलेमुली वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी येथे खोल्या करून, वसतिगृहांत आणि खानावळींच्या आधाराने राहतात. घरापासून दूर, वय सोळा-सतरा, दिवस शिकवणीचा आणि रात्र सराव प्रश्नपत्रिकांची. या मुलांच्या मनात काय चालते, हे विचारायला वेळापत्रकात तासिका नाही. एकाकीपणा, आकर्षण, अपयशाची धास्ती या त्यांच्या प्रौढ भावनांना जागा मिळते ती कानातल्या यंत्रावर वाजणाऱ्या गाण्यात. त्यांच्या वयाचे स्वतःचे गाणे नसल्यामुळे तीही मोठ्यांचेच गाणे उसने घेतात.

कष्ट कोणाचे, नफा कोणाचा

स्पर्धेचा आर्थिक व्यवहारही पाहिला पाहिजे. वाहिनीचे उत्पन्न जाहिरातींतून येते आणि जाहिरातींचा दर प्रेक्षकसंख्येवर ठरतो. मुलाचे कोवळे वय आणि गाण्याचा प्रौढ आशय यांतली विसंगती हीच प्रेक्षकाला खिळवून ठेवते. तेव्हा ती विसंगती वाढवण्यातच व्यवसायाचा लाभ असतो. लातूर-नांदेडच्या पालकाच्या बाजूने हिशोब वेगळा आहे. रात्रभराचा मुंबईचा प्रवास, साठवलेल्या रजा, बुडालेली शाळा, पोशाखांचा खर्च आणि जिल्ह्याच्या अभिमानापोटी पाठवलेले संदेश. एक मूल पुढे जाते. त्याच रांगेतून परत फिरलेल्या शेकडो मुलांचा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

कायद्याने काही बांध घातले आहेत. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचना केली की, नृत्यस्पर्धांत मुलांना प्रौढांच्या चित्रपटांतील सूचक हालचाली करावयास लावू नयेत. पण त्या कायद्यातील ‘बालक’ चौदा वर्षांखालचा. चौदा ते अठरा हे वय, म्हणजे जेथे खरा पेच आहे तेच वय, या बंधनांच्या बाहेर राहते. २०१२ च्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले. रंगमंचावर मात्र तो पंधराव्या वर्षीच प्रौढ कामगार होतो. तासांची आणि ठेवीची तरतूद अठरा वर्षांपर्यंत वाढवणे हे पहिले काम आहे.

दुसरे काम बंदीचे नाही, निर्मितीचे आहे. किशोरवयासाठी कवींनी लिहावे आणि संगीतकारांनी चाली बांधाव्यात, यासाठी राज्याच्या सांस्कृतिक खात्याने आणि आकाशवाणीच्या नांदेडसारख्या केंद्रांनी पुढाकार घेतला तर खर्च फारसा नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात महाविद्यालयीन मुले हजेरी लावतात. शाळकरी मुलांसाठी तालुका पातळीवर तसा मंच उभा राहिला, तर गळ्याची पारख होण्यासाठी मुंबईच गाठावी लागणार नाही. शाळांतून संगीतशिक्षकाची जागा भरली गेली, तर निदान गाणे शिकवताना त्याचा अर्थ सांगणारा कोणी समोर असेल.

तिसरे काम शिक्षक आणि पालकांचे आहे, आणि तेच सर्वांत अवघड आहे. मूल विरहाचे गाणे गुणगुणू लागले, तर त्याला गप्प करू नये आणि त्याचे प्रदर्शनही मांडू नये. ते गाणे कोणाचे, कोणत्या दुःखातून आलेले, हे त्याच्याशी बोलावे. प्रेम, देह, जात आणि मरण हे विषय चौदाव्या वर्षी मुलांच्या दाराशी येतातच. ते येतील तेव्हा मुलाच्या शेजारी एखादे मोठे माणूस उभे असावे. स्पर्धेच्या परीक्षकांना ही जबाबदारी देता येत नाही. त्यांचे काम गुण देऊन संपते. घराचे आणि शाळेचे काम त्यानंतर सुरू होते.