दात्याचा डिस्चार्ज आधी होतो

कॉटन ग्रीन स्टेशनातून बाहेर पडून पश्चिमेला चालू लागलं की कापसाची जुनी गोदामं मागे पडतात. काळाचौकी लागते, मग लालबाग, मग परळ. रमतगमत गेलं तरी पाऊण तासात केईएमचं फाटक येतं. माणसाच्या शरीरात दुसऱ्याची किडनी बसवण्याचा भारतातला पहिला प्रयत्न मे १९६५ मध्ये याच रुग्णालयात झाला. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने एका मृत दात्याची किडनी अशा रुग्णाला बसवली होती, ज्याची किडनी निकामी झालेली नव्हती, तर तिच्यात कर्करोगाची गाठ होती. पुढे १९६८ मध्ये याच सेनांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपणही इथेच केलं. शिवणारे हात तयार होते. शरीराचा नकार थोपवणारी पुरेशी औषधं अजून हाताशी नव्हती. जिवंत दात्याची किडनी घेऊन झालेलं देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण वेल्लोरला १९७१ मध्ये झालं.

आज शस्त्रक्रियेचा भाग तीन-चार तासांत उरकतो आणि बहुतेक वेळा सुरळीत उरकतो. खरी गोष्ट त्यानंतरची. ती दोन माणसांची असते आणि आपण मात्र एकाचीच ऐकतो.

शेजारशेजारच्या दोन ऑपरेशन थिएटरांपैकी पहिल्यात दाता असतो. शक्यतो त्याची डावी किडनी काढतात, कारण डावीकडची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, दुर्बिणीच्या मदतीने किडनी मोकळी करतात आणि ओटीपोटावरच्या लहानशा छेदातून बाहेर काढतात. जेमतेम दीडशे ग्रॅमचा अवयव. बर्फात ठेवून त्यातून थंड द्रावण सोडलं की रक्त धुऊन निघतं आणि किडनी फिकी, राखाडी दिसू लागते. दुसऱ्या थिएटरात ती रुग्णाच्या ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जुन्या दोन किडन्या सहसा जागच्या जागी राहू देतात. ‘म्हणजे आता तीन?’ असं नातेवाईक हमखास विचारतात. हो, तीन. चिमटे सोडले की फिकी किडनी काही क्षणांत गुलाबी होते, आणि दाता जिवंत असेल तर पुष्कळदा टेबलावरच लघवीचे थेंब दिसतात.

मग वॉर्डातलं मोजमाप सुरू होतं. पहिल्या दिवशी नवी किडनी दहा-बारा लिटरसुद्धा लघवी करू शकते. नर्स दर तासाला मोजते आणि त्या हिशेबाने सलाईन देते. डायलिसिसवर असताना दिवसाचं पाणी घोट मोजून प्यायलेल्या माणसाला आता ‘तीन लिटर प्या’ म्हणून दटावावं लागतं. वर्षानुवर्षं लघवीच न झाल्याने मूत्राशय आक्रसलेलं असतं, त्यामुळे नळी काढल्यावर काही दिवस दर अर्ध्या तासाला धावपळ. मूत्रवाहिनीत ठेवलेली स्टेंट नावाची बारीक नळी चार-सहा आठवड्यांनी काढतात. पहिले तीन महिने रक्ततपासणीसाठी सारखं यावं लागतं, म्हणून कोकणातून किंवा साताऱ्या-सांगलीकडून आलेली कुटुंबं लालबाग-परळमध्ये नातेवाइकांकडे मुक्काम ठोकतात.

औषधांत मुख्य तीन: टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइड. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस मिळालं. त्याआधीचं सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीचं. या औषधांनी प्रतिकारशक्तीचे टी-पेशी नावाचे सैनिक सुस्तावतात. टॅक्रोलिमसचा मामला मात्र नाजूक आहे: रक्तातलं प्रमाण कमी पडलं तर किडनी नाकारली जाते, जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं. म्हणून ते बरोबर बारा-बारा तासांनी घ्यायचं आणि तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावरच सकाळचा डोस. सवयीने गोळी घेऊन आलेल्या रुग्णाचा आकडा फुगतो आणि त्या दिवसाची खेप वाया जाते. गणपतीत कोकणातल्या माटोळीला टांगलेलं पपनसही या रुग्णांना वर्ज्य, कारण हे औषध मोडणाऱ्या विकराचं काम त्या फळाने मंदावतं. क्षयावरच्या रिफाम्पिसिनचा परिणाम नेमका उलटा, ते टॅक्रोलिमस झपाट्याने संपवतं. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय कॉटन ग्रीनच्या पुढच्याच स्टेशनाच्या हद्दीत आहे. या भागात क्षय ही ऐकीव गोष्ट नाही आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत तो पुन्हा डोकं वर काढतो. त्यात पावसाळा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने काय केलं ते मुंबईला माहीत आहे. हिंदमाता चौक तुंबला की या माणसांनी त्या पाण्यात पाय घालायचा नाही. कामावर दांडी परवडली.

एवढं सांभाळलं तर निकाल चांगले आहेत. जिवंत दात्याकडून आलेल्या शंभर किडन्यांपैकी पंच्याण्णवच्या आसपास वर्षभरानंतर उत्तम चालत असतात आणि सरासरीने अशी किडनी पंधरा-वीस वर्षं साथ देते. मृत दात्याची त्याहून काहीशी कमी. म्हणजे तिशीत प्रत्यारोपण झालेल्याला पन्नाशीच्या सुमाराला पुन्हा रांगेत उभं राहावं लागू शकतं, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे काहींना नव्याने मधुमेह होतो. आणि पुष्कळ जण किडनी उत्तम चालू असताना हृदयविकाराने किंवा जंतुसंसर्गाने जातात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली, हे चांगलंच झालं. औषधं मात्र आयुष्यभराची आहेत, आणि पैशांपायी चुकलेले डोस किडनी विसरत नाही.

आता दुसरा पलंग. दात्याला चौथ्या-पाचव्या दिवशी घरी पाठवतात, पुष्कळदा रुग्णाच्या आधी. वेदना मात्र पहिल्या काही दिवसांत रुग्णापेक्षा दात्याला जास्त. पोटात उरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला डिवचतो आणि दुखतो चक्क खांदा. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस हृदयविकाराच्या शंकेने घाबरतो. सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. कागदावर हे वाक्य साधं दिसतं. चाळीतल्या बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की पाण्याने भरलेला हंडा नाही, ओल्या चादरींची बादली नाही, आणि तीस किलोच्या घरातला भरलेला सिलिंडर तर नाहीच. गोदामातल्या माथाडी कामगाराच्या बाबतीत अर्थ आणखी सरळ: दीड महिना मजुरी नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांची विशेष रजा दिली. घरकाम करणाऱ्या बाईला ती कोण देणार?

शरीर मात्र कमालीच्या चपळाईने जुळवून घेतं. उरलेली किडनी काही दिवसांतच जादा रक्त गाळू लागते, आकारानेही थोडी वाढते आणि दोघींनी मिळून जेवढं काम होत असे त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे दात्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, ०.८ वरून १.१ किंवा १.२ वर जाऊन तिथेच स्थिरावतं. पॅथॉलॉजीच्या कागदावर आकड्यापुढे बाण दिसला की घरात घबराट उडते. हा आजार नव्हे, नवा तोल आहे. याच कारणाने पाठ दुखली म्हणून केमिस्टकडून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणायची सवय मात्र दात्याने कायमची सोडायला हवी.

आणि धोका? शस्त्रक्रियेत दाता दगावण्याचं प्रमाण अमेरिकेत गेल्या दशकात दहा हजारांत एकाहूनही कमी होतं. दीर्घकालीन धोक्यावर तिथेच २०१४ मध्ये ९६ हजारांहून अधिक दात्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांत दहा हजार दात्यांमागे सुमारे ३१ जणांची उरलेली किडनी निकामी झाली. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या लोकांत हा आकडा ४ होता. ‘आठपट धोका’ असा मथळा यावरून सहज बनतो. ‘हजारात तीन’ असाही बनतो. दोन्ही खरे आहेत, आणि किडनी देणाऱ्याला दोन्ही एकाच बैठकीत सांगितले पाहिजेत. २०१५ चा कॅनडातला अभ्यास तरुण स्त्रियांसाठी महत्त्वाचा: किडनी दिल्यानंतरच्या गर्भारपणांपैकी ११ टक्क्यांत रक्तदाबाच्या तक्रारी आढळल्या, न दिलेल्या स्त्रियांच्या गर्भारपणांपैकी ५ टक्क्यांत. बहुतेक बाळंतपणं सुखरूप होतात, पण मुलं व्हायची आहेत का, हा प्रश्न किडनी घेण्याआधी विचारायचा असतो.

स्त्रियांचा विषय इथे ओघाने आला असला तरी तोच मुख्य आहे. २०२३ मध्ये देशात सुमारे १३ हजार ४०० किडनी प्रत्यारोपणं झाली आणि दहापैकी जवळपास नऊ किडन्या जिवंत दात्यांच्या होत्या. देणाऱ्यांत आई आणि बायको पुढे. घेणाऱ्यांचं काय? १९९५ ते २०२१ या काळात देशात सर्व अवयव मिळून झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत स्त्री रुग्ण ६,९४५, म्हणजे पाचात एकही धड नाही. याला एक जैविक कारण आहे खरं. गर्भारपणात बाळाच्या रूपाने नवऱ्याच्या पेशींची खूण आईच्या रक्ताला पटते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. त्यामुळे मुलांच्या आईला नवऱ्याची किडनी चालणं काही वेळा अवघड जातं. पण भावाची, बापाची? इतकी मोठी तफावत प्रतिपिंडांच्या माथी मारता येणार नाही. नवरा कमावता, त्याला धोका नको, हा हिशेब घरात कुणी बोलूनही दाखवत नाही. कायदा करणाऱ्यांना तो ठाऊक असावा. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्या आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्या. मंजुरीआधी होणाऱ्या दात्याच्या मुलाखतीचं चित्रीकरणही होतं. कॅमेऱ्यासमोर ‘मी माझ्या मनाने देते’ म्हणणारी बाई खोटं बोलत असते असं नाही. फक्त तिला नाही म्हणायची सोय किती होती, ते चित्रफितीत येत नाही. रुग्णालयातले चांगले प्रत्यारोपण समन्वयक यावर वाट काढतात: बाईला एकटीला भेटतात आणि ती कचरली तर घरच्यांना एवढंच सांगतात की वैद्यकीयदृष्ट्या तिची किडनी जुळत नाही. वैद्यकातलं हे खोटं मला तरी माफ वाटतं.

दात्याला पुढे लागतं ते फार थोडं: वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, जोडीला साखर आणि वजनावर नजर. दोघं एकाच घरातले, एकाच दिवशी जाऊ शकतात. तरी रुग्णाची फाइल जाडजूड होत जाते आणि दात्याची डिस्चार्ज कार्डावर संपते, कारण दात्याला काही होत नसतं. अमेरिकेत प्रत्यारोपण केंद्रांना दात्याची सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनंतरची माहिती कळवणं बंधनकारक आहे. पण दोन वर्षांनंतर तिथेही दाता नजरेआड होतो, आणि त्या ९६ हजार जणांच्या अभ्यासातला धोका तर पंधरा वर्षांच्या हिशेबाने मोजलेला होता.