ऐकणाऱ्यांचा पंथ : लीळाचरित्राच्या निर्मितीतील श्रवण, कथन आणि नेतृत्व

एखाद्या समूहाचा प्रवर्तक नाहीसा झाल्यानंतर तो समूह कशाच्या आधारावर टिकतो, हा प्रश्न सामान्यतः समाजशास्त्राचा मानला जातो. भारतीय भाषांच्या इतिहासात मात्र त्याचे उत्तर अनेकदा एखाद्या वाङ्मयप्रकाराच्या रूपाने पुढे आलेले दिसते. महानुभाव पंथाचे ‘लीळाचरित्र’ हे अशा उत्तराचे मराठीतील आद्य उदाहरण होय. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून साहित्याचे अभ्यासक, तर यादवकालीन समाजजीवनाचे साधन म्हणून इतिहासाचे अभ्यासक त्याच्याकडे वळतात. या दोन्ही दृष्टी उचितच आहेत. तथापि हा ग्रंथ ज्या प्रक्रियेतून आकाराला आला ती प्रक्रिया, म्हणजे विचारणे, ऐकणे, पडताळणे आणि पुन्हा सांगणे, हीच त्या काळी समूह सांभाळण्याची पद्धती होती, या अंगाने त्याचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्या प्रक्रियेवर आहे.

श्रीचक्रधर हे मूळचे गुजरातचे. पंथीय परंपरेनुसार ते भडोचच्या प्रधानाचे पुत्र. म्हणजे ज्या भाषेत त्यांनी निरूपण केले ती त्यांची जन्मभाषा नव्हती, ती त्यांनी ऐकून आत्मसात केलेली भाषा होती. सुमारे १२७४ मध्ये ते अनुयायांपासून दूर झाले. पंथाची श्रद्धा अशी की ते उत्तरापथे निघून गेले. काही संशोधकांच्या मते त्यांचा वध झाला. दोहोंपैकी काहीही मानले तरी अनुयायांपुढील स्थिती एकच होती. समाधी नव्हती, स्वहस्ते लिहिलेला ग्रंथ नव्हता. होते ते केवळ ऐकलेले शब्द, आणि तेही निरनिराळ्या गावी विखुरलेल्या, निरनिराळ्या जातींच्या, स्त्री-पुरुषांच्या स्मरणात. अनुयायांपैकी अनेक जण ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात आले आणि पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे, म्हणजेच भटोबासांकडे, आली.

नागदेव श्रीचक्रधरांच्या लीळांचे मनोमन स्मरण करीत असत. ते काय आठवीत आहेत हे म्हाइंभटांनी विचारले आणि या आठवणी पुढे येणाऱ्यांसाठी लिहून ठेवाव्यात अशी इच्छा व्यक्त केली, अशी ग्रंथनिर्मितीची हकीकत परंपरेत सांगितली जाते. सराळ्याचे म्हाइंभट हे शास्त्राभ्यासाचा अभिमान बाळगणारे पंडित होते आणि श्रीचक्रधरांकडे ते प्रथम आले ते वादाच्या हेतूने. वाद जिंकण्यासाठी ऐकणाऱ्याचे कान प्रतिपक्षाच्या उणिवेवर असतात. लीळा गोळा करणाऱ्याला मात्र समोरच्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत, त्याच्याच क्रमाने, आपले पांडित्य बाजूला ठेवून ऐकावे लागते. सुमारे १२७८ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या वाक्यरचनेतच हे ऐकणे उतरले आहे. वाक्ये तोकडी, क्रियापदांनी भरलेली. कोण कोठे बसले होते, कोणी काय आणले, कोणी काय विचारले आणि त्यावर काय सांगितले, एवढ्यावर लीळा संपते. जमवलेले सर्व पुन्हा नागदेवांपुढे ठेवून तपासून घेतले जाई.

ग्रंथाचा ‘एकांक’ हा विभाग या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. त्यात श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीच्या काळातील लीळा आहेत. त्या वेळी सोबत कोणी अनुयायी नसल्याने या घटनांना पंथातील साक्षीदार नाही. त्या ज्ञात झाल्या त्या स्वतः श्रीचक्रधरांनी पुढे भक्तांना सांगितल्या म्हणून. म्हणजे पूर्वार्ध-उत्तरार्धातील भक्त पाहिलेले सांगतात, तर एकांकात ते ऐकलेले सांगतात. आणि या दोन साक्षींना मिळून एकच ग्रंथ होतो. चरित्रनायक हाच काही भागाचा प्रथम निवेदक असणे, आणि ते निवेदन श्रोत्यांच्या मुखातूनच आपल्यापर्यंत येणे, ही गुंतागुंत कथनमीमांसेच्या अभ्यासकांनी सविस्तर तपासावी अशी आहे.

नागदेवांच्या नेतृत्वाचे स्वरूप ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथातील एका प्रसंगातून सर्वांत स्पष्ट होते. केशिराजबास हे संस्कृतज्ञ. श्रीचक्रधरांची वचने सूत्रपाठात संकलित करण्याचे आणि ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. पंथीय विषय संस्कृतात नेण्याचा त्यांचा विचार नागदेवांनी थांबवला, कारण त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील अशी त्यांची भूमिका होती. मराठीच्या अभिमानाचा दाखला म्हणून हा प्रसंग व्यासपीठांवरून इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्यातील मुख्य शब्दाकडे दुर्लक्ष झाले आहे. नागदेव येथे ‘मराठी’विषयी बोलत नाहीत, ‘म्हाताऱ्यां’विषयी बोलत आहेत. नागवणे म्हणजे असलेले लुबाडून घेणे. या स्त्रियांजवळ काही होते, म्हणूनच ते लुबाडले जाऊ शकत होते. बाइसा, महदाइसा अशा स्त्रिया लीळांच्या साक्षीदार होत्या. धवळ्यांची कर्ती महदाइसा तर प्रश्न विचारण्याबद्दलच ख्यात होती आणि श्रीचक्रधरांच्या निरूपणाचा पुष्कळ भाग तिच्या विचारण्यामुळे प्रकट झाला. ज्यांच्या तोंडून हे धन जमा झाले त्यांनाच ते पुन्हा ऐकता येऊ नये, यातील अन्याय नागदेवांनी ओळखला. हा निर्णय भाषानीतीचा खराच, परंतु त्यामागील कसोटी श्रोत्याची आहे.

येथे दोन तुलना उपयुक्त ठरतील. पाली विनयपिटकातील वृत्तांतानुसार बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पाचशे भिक्षूंची संगीती भरली. तिचे नेतृत्व महाकाश्यपाकडे होते आणि त्याने केले ते एवढेच की प्रश्न विचारले : विनयाविषयी उपालीला, धर्माविषयी आनंदाला. दुसरे उदाहरण पंजाबातील जनमसाखींचे. बाला परंपरेच्या जनमसाखीची चौकट अशी की गुरू नानकांच्या (१४६९–१५३९) पश्चात त्यांचे उत्तराधिकारी गुरू अंगद हे भाई बालाला जवळ बसवून नानकांचे चरित्र सांगायला लावतात आणि लेखनिक ते उतरवून घेतो. भाई बालाच्या ऐतिहासिकतेविषयी संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, हे मान्य केले तरी ही चौकट रचणाऱ्याला उत्तराधिकारी कसा असावा असे वाटत होते, ते तिच्यातून कळतेच. महाकाश्यप, अंगद आणि नागदेव या तिघांच्याही अधिकाराचे चित्रण ऐकणारा म्हणून झाले आहे.

साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. राजगृहाच्या संगीतीत भिक्षुणी नाहीत. इतकेच नव्हे तर स्त्रियांच्या संघप्रवेशासाठी खटपट केली हा आनंदाचा दोष म्हणून तेथे त्याला ऐकवला जातो. बाला जनमसाखीत साक्षीदार एकच, म्हणून चरित्र अखंड आणि प्रवाही. लीळाचरित्रात साक्षीदार अनेक, त्यात स्त्रिया अनेक, आणि म्हणून चरित्र तुकड्यांचे. आधुनिक वाचकाला जो विस्कळीतपणा जाणवतो तो या बहुश्रोतृत्वाचा परिणाम आहे. त्याला रचनादोष म्हणण्याचे कारण नाही.

पाठभेदांची वागणूकही याच दिशेने पाहावी लागते. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. हीराइसेच्या धारणाशक्तीचा उल्लेख यासंदर्भात आदराने होतो. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळत नसे तेव्हा भेद मिटवून टाकण्याऐवजी तो नोंदवून ठेवण्याकडे संकलकांचा कल राहिला. हस्तलिखितांत मूळ कथनाशेजारी अन्य स्मरणकर्त्यांचे ‘शोध’ येतात. हदीस परंपरेतील निवेदकांच्या साखळीची आठवण येथे अनेकांना होईल. तेथे मात्र साखळी प्रामुख्याने स्वीकारावे की नाकारावे याचा निर्णय करण्यासाठी तपासली जाते. येथे दोन्ही आठवणी शेजारीशेजारी नांदतात. पाठचिकित्सेच्या शिस्तीत वाढलेल्या संपादकाला ‘शुद्ध पाठ’ ठरवण्याचा मोह आवरणे येथे कठीण जाते, आणि तो आवरला पाहिजे असे मला वाटते.

श्रीचक्रधरांची स्वतःची कथनपद्धती ‘दृष्टांतपाठा’च्या ११४ दृष्टांतांत पाहावयास मिळते. सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिची तिहेरी मांडणी. जात्यंध आणि हत्ती हा दृष्टांत त्यांत आहे. पाली ‘उदाना’पासून सनाई आणि रूमी यांच्या काव्यापर्यंत या कथेचा प्रवास सर्वपरिचित आहे. ‘उदाना’तील आंधळे शेवटी एकमेकांना गुद्दे मारतात. ही कथा अपुऱ्या दर्शनाची म्हणून सांगितली जाते. पण त्या आंधळ्यांनी एकमेकांचे म्हणणे ऐकून घेतले असते तर हत्तीचा बराचसा आकार त्यांना जुळवता आला असता. म्हाइंभटांनी लीळांच्या बाबतीत केले ते याहून फार वेगळे नव्हते.

हे चित्र एवढ्यावर थांबवले तर ते एकांगी होईल. नागदेवांच्या पश्चात पंथात आम्नाय निर्माण झाले आणि चौदाव्या शतकात ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. पावित्र्य राखणे, परकीयांच्या हाती ग्रंथ पडू न देणे, अशी कारणे दिली जातात. ती खोटी म्हणता येणार नाहीत. परिणाम मात्र असा झाला की म्हाताऱ्यांसाठी मराठीत राहिलेला ग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी भाषकाला शतकानुशतके वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राची संपादने सिद्ध केली, त्यांतील कोलते यांचे १९७८ चे. ‘स्मृतिस्थळा’चा अ‍ॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये आला. ऐकण्यावर उभ्या राहिलेल्या समूहाने स्वतःभोवती घातलेले हे कुंपण बाहेरून मोडावे लागले.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कानड व तेलंग देशी न जाता महाराष्ट्रात राहावे, असा आदेश श्रीचक्रधरांच्या वचनांत आहे. तरीही पुढील शतकांत पंथ पंजाबात पोहोचला, तेथे ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखला गेला आणि पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. या प्रदेशांतील साधूंनी मराठी ही धर्मभाषा म्हणून शिकून घेतली आणि मराठी पोथ्या तेथे जतन झाल्या. मराठीच्या प्रसाराचा हा गौरवशाली अध्याय म्हणून त्याचा उल्लेख होतो. परंतु पंजाबी वा हिंदकी बोलणाऱ्या घरातील अनुयायी स्त्रीच्या कानावर ही तेराव्या शतकातील मराठी पडे, तेव्हा केशिराजबासांचे संस्कृत ऋद्धिपूरच्या म्हातारीला जेवढे दूरचे वाटले असते तेवढीच ती तिला दूरची होती. तिच्यासाठी निरूपण कोणत्या बोलीत होत असे, त्यात मराठी शब्द किती टिकत आणि लीळा सांगताना काय बदलत असे, हे पंजाबातील मठांच्या पोथ्या आणि तेथील मौखिक परंपरा एकत्र अभ्यासूनच सांगता येईल.