लेडी डॉक्टर हवी, पण सून वेळेत घरी हवी!

बाळंतपण असो की बायकांचं कुठलंही दुखणं, आपल्या घरातून पहिला प्रश्न येतो, "लेडी डॉक्टर आहेत ना?" रात्री दोन वाजताही तिने लेबर रूममध्ये हजर असावं, अशी आपली अपेक्षा असते. पण तीच डॉक्टर आपली सून असेल तर? मग "रोज रोज कसली नाईट ड्युटी?" हेही आपणच विचारतो. महिला डॉक्टरांची ओढाताण इथूनच सुरू होते.

शिक्षण आणि संसार एकाच वेळी

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. पुढे एमडी किंवा एमएसची तीन वर्षं, सुपर-स्पेशालिटी करायची तर आणखी तीन. म्हणजे अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेली मुलगी एकही वर्ष वाया न घालवता स्पेशालिस्ट होते, तेव्हा सत्ताविशीत आलेली असते. लग्न, पहिलं मूल आणि सर्वांत कठीण रेसिडेन्सी याच काळात येतात. म्हणूनच अनेकजणी आवड असूनही सर्जरी सोडतात आणि ठरलेल्या वेळेची शाखा निवडतात.

नियम काय सांगतात?

१९९२च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेनुसार सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांहून जास्त नसावी आणि आठवड्याला ४८ तास काम असावं. प्रत्यक्षात काय होतं? ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात अत्याचार करून जिची हत्या झाली, ती तरुण डॉक्टर ३६ तासांच्या ड्युटीत थोडी विश्रांती घ्यायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने महिलांना शक्यतो नाईट ड्युटी देऊ नये, असं सुचवलं. सुप्रीम कोर्टाने त्यावर आक्षेप घेतला. सरकारने सुरक्षा द्यावी, बायकांचं काम कमी करू नये, अशी कोर्टाची भूमिका होती.

२०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. पण छोट्या नर्सिंग होमला पाळणाघराची अट नाही. स्वतःचं क्लिनिक असेल तर ते बंद म्हणजे कमाईही बंद.

घरातली दुसरी शिफ्ट

केंद्र सरकारच्या २०२४च्या टाइम यूज सर्व्हेनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर पुरुष ८८. हा आकडा देशभरातल्या स्त्रियांचा आहे. पण ॲप्रन काढून घरात आलेली डॉक्टरही त्यातून सुटत नाही. रमजानमध्ये रोजा ठेवून दिवसभर ओपीडी केलेली बाई घरी येते आणि थेट इफ्तारीच्या तयारीला लागते.

मग करायचं काय?

हॉस्पिटलने ड्युटी चार्ट आधी द्यावा, नाईटनंतर खरोखर सुट्टी द्यावी. प्रॅक्टिस करणाऱ्या दोघी-तिघींनी एकत्र येऊन रात्रीचे कॉल वाटून घ्यावेत. आणि घरच्यांनी? लग्नाची बोलणी करतानाच नाईट ड्युटीचा विषय काढावा. मुलं, स्वयंपाक, आजारी सासू-सासरे ही जबाबदारी नवऱ्याचीही आहे, हे तेव्हाच स्पष्ट व्हावं.

डॉक्टर सून मिरवायची असेल, तर तिची ड्युटीही आपली मानावी लागेल. ती रात्री घराबाहेर असते, तेव्हा कुणाची तरी लेक तिच्या हाताखाली सुखरूप बाळंत होत असते.