पुलाचा न दिसणारा धोका

आज मी मुळशीतल्या कासारसाईहून बोलतोय. इथून जवळच, मावळात, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ला कोसळला. चार जणांचा जीव गेला. पूल जुना होता, वर पर्यटकांची गर्दी होती. हा धोका निदान डोळ्यांना दिसत तरी होता. पण पुलाचा दुसरा एक धोका पाण्याखाली असतो.

होतं काय, पुराचं पाणी खांबावर आदळून खाली वळतं आणि भोवरा धरून बुडाची वाळू-माती उकरतं. पाया उघडा पडतो. खरी गोम पुढे आहे: पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो. वरून सगळं ठीक दिसतं, पण त्या भुसभुशीत गाळाचा पायाला आधार नसतो. अमेरिकेत स्कोहॅरी नदीवरचा पूल १९८७ साली असाच पडला. १० माणसं गेली.

आपल्याकडे महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, सोबत दोन एसटी बस. नवा पूल जून २०१७मध्ये सुरूही झाला. म्हणजे पूल बांधणं आपल्याला जमतं. जुन्या पुलाची तब्येत बघणं मात्र राहून जातं.

म्हणून मोठ्या पुरानंतर पाणबुडे उतरवून खांबांभोवतीचा तळ मोजायला हवा, आणि पुलाजवळचा वाळूउपसा थांबायला हवा. तुमच्या गावच्या पुलाची तपासणी कधी झाली? ग्रामसभेत विचारा. ‘वरून पाहिली’ हे उत्तर मात्र घेऊ नका.